आजोबांचं न उघडणारं कुलूप

१

कपाट फोडायला किल्लीवाल्याला अख्खी सकाळ लागली, आणि त्यात हवं ते नाही हे कळायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

खालच्या कप्प्यात आजोबांचे कोट होते, वरच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्या होत्या, आणि मधल्या कप्प्यात निळ्या मखमलीची पेटी होती. पेटीत कुलपाच्या आकाराचा खड्डा होता. कुलूप नव्हतं.

आता कुलूप गेलं म्हणून कोणी छाती बडवत नाही. पण हे कुलूप साधं नव्हतं. आजोबा कुलपांच्या कारखान्यात कारागीर होते. तरुणपणी त्यांनी बनवलेलं हे मुठीएवढं पितळी कुलूप कारखान्याच्या परीक्षकाला दिवसभर झटूनही उघडता आलं नव्हतं, आणि मालकांनी खूश होऊन ते आजोबांनाच बक्षीस दिलं होतं. घराण्याची म्हणावी अशी ही एकच कीर्ती. बाकीच्यांनी मिळवलेल्या गोष्टी म्हणजे टक्कल आणि मधुमेह. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आता कारखान्याची शंभर वर्षं भरत होती, मोठं प्रदर्शन लागणार होतं, आणि त्याच संध्याकाळी कारखान्याचा अधिकारी कुलूप न्यायला यायचा होता.

"मी सांगत होतो," काका म्हणाले. काकांचं कुठलंही वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. "महिन्यापूर्वी ही कपाट उघडून ते कुलूप पुसत बसली होती. माझ्या बहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मग किल्ली हरवली. आता कुलूपही हरवलं. फाटकाची किल्ली हरवली, कोठीची हरवली, लोखंडी पेटीची हरवली. आई, आता पुरे. एकटीनं राहायचं हे वय नाही."

गावाबाहेर वृद्धांसाठी एक निवास होता. काकांनी तिथे आजीसाठी एक हवेशीर खोली बघून ठेवली होती. काका वाईट नव्हते, भित्रे होते. आजीचा फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला नाही तर तिसऱ्या घंटेपर्यंत त्यांच्या मनात तिचे दिवसही घालून व्हायचे.

"मी या घरातून जाणार नाही," आजी म्हणाली.

"मग कुलूप कुठंय ते सांग."

"आठवत नाही," आजी शांतपणे म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

नात तिथेच उभी होती आणि तिचे कान टवकारले. नात विमा कंपनीत दावे तपासायची. कोणाचं दुकान जळालं तर राखेचा वास घेतल्याशिवाय ती विश्वास ठेवत नसे. घरात तिला सगळे शंकासुर म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचं. आजीला स्वतःच्या लग्नात कोण, कोणत्या पंगतीला आणि कशावरून रुसलं होतं, तेही आठवत होतं. ती म्हणते 'आठवत नाही'? नातीला हे पटेना.

"काका, चोरी झाली असेल तर?" ती म्हणाली.

"चोराला हेच घर सापडलं? सकाळी फाटक उघडताना आपलीच काय तारांबळ झाली ते पाहिलंस ना." काकांनी बाही पुढे केली. तिच्यावर हिरव्या रंगाचा ढब्बू डाग होता. "या वयात ब्रश घेऊन रंगवत बसली. फाटक, कडी, कुलूप, सरसकट सगळं हिरवं. ही शहाण्या माणसाची लक्षणं आहेत?"

तसा प्रसंग झाला होता खरा. सकाळी सगळे फाटकाबाहेर ताटकळत होते, काका किल्लीवरून तोंडसुख घेत होते, तेवढ्यात आजी बाहेरून शाल सावरत आली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि काकांचं बोलणं संपायच्या आत फाटक उघडलं. पण काका एकदा बोलायला लागले की समोर काय घडतंय ते त्यांना दिसत नसे.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," नात म्हणाली. "कुलूप चोरीला गेलंय हे मी सिद्ध केलं, तर ते आजीने हरवलेलं नाही. मग ती इथेच राहणार."

"आणि नाही केलंस तर उद्या सामान बांधायचं," काका म्हणाले.

किल्लीवाला कटरचा धूर उडवत सामान आवरत होता. "तीस वर्षं धंदा करतोय. आजवर एक कुलूप हाताला नाही म्हणालं नव्हतं," तो घाम पुसत म्हणाला. "हे कापावंच लागलं. कोणी केलंय हो?"

आजोबांनीच केलं होतं. घरातली सगळी कुलपं त्यांच्याच हातची होती. नातीने कापलेल्या दारावरून बोट फिरवलं आणि ती जागच्या जागी थबकली. कपाटावर सकाळपर्यंत एकही ओरखडा नव्हता. म्हणजे चोराने ते नीट उघडलं होतं आणि नीट बंदही केलं होतं. किल्लीवाल्याला जे दिवसाउजेडी जमलं नाही ते ज्याला सहज जमलं, असा माणूस या घरात येऊन गेला होता.

२

सगळे जेवायला बसले तेव्हा नात कपाटासमोर मांडी घालून बसली. गाडी चोरीला गेल्याचे दावे तपासताना ती आधी किल्लीचं भोक बघायची. किल्ली रोज आत जाते, बाहेर येते, घाईत इकडेतिकडे लागते. वर्षानुवर्षांत भोकाभोवतीचा रंग उडून जातो.

या कपाटाच्या मुठीवरचा रंग पार उडून आतलं लोखंड चकाकत होतं. म्हणजे कपाट रोजच्या रोज उघडलं जात होतं. पण किल्लीच्या भोकाभोवतीचा रंग नव्या नवरीसारखा होता. त्याला किल्लीचा साधा स्पर्शही झालेला नव्हता. नातीने कोठीचं कुलूप पाहिलं, मग लोखंडी पेटीचं पाहिलं. तिथेही तेच.

तिने काकांना गाठलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण तपास म्हणजे तपास.

"काका, तुमच्या बाहीवर रंग कसा लागला?"

"सांगितलं ना, फाटकाचा."

"फाटक तर आजीने उघडलं. तुम्ही हात कशाला लावलात?"

काका एकदम लाल झाले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही यायच्या आधीच मी आलो होतो. फाटकाशी उभा राहून सराव करत होतो."

"कसला?"

"भाषणाचा. प्रदर्शनात कुलूप मीच द्यायचं ठरलंय, व्यासपीठावर. 'माझे पूज्य वडील' इथे हात असा पुढे न्यायचा होता, तो फाटकाला लागला." त्यांनी हात पुढे नेऊन दाखवला. भाषण खिशातच होतं आणि ते चांगलंच लांब होतं. असा माणूस ते कुलूप चोरणार नाही, उलट त्याच्यावर रात्रंदिवस पहारा करील. नातीने त्यांना सोडून दिलं. भाषणाची सुरुवात मात्र तिला ऐकावीच लागली.

आत्या स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. आत्याला रडू फार लवकर येई आणि ते थांबायच्या आत ती बरीच माहिती देऊन जाई.

"ते कुलूप खरं तर मला मिळायला हवं होतं," ती म्हणाली. "बाबांचे हात माझ्यात आलेत. घट्ट बसलेली झाकणं आमच्याकडे मीच उघडते. पण मी चोरीन का गं? आणि त्या दिवशी मी आले तेव्हा कपाट आधीच उघडं होतं. आई कुलूप मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून दचकली."

"किल्ली होती का हातात?"

"किल्ली नव्हती. केस बांधत असेल, हातात आकडा होता." आत्याने नाक पुसलं. "तेही एक कोडंच आहे बाई. दर महिन्याला मी तिला केसांच्या आकड्यांचं पाकीट आणून देते. डोक्यावर केस उरलेत बोटभर, आणि आकडे लागतात डबाभर. दादा म्हणतो ते काही अगदीच खोटं नाही गं. तिचं डोकं..."

आत्याला पुन्हा हुंदका आला. मग काहीतरी आठवून ती म्हणाली, "बाबांना बघ, बक्षिसाचा कणभर गर्व नव्हता. कोणी कुलपाचं कौतुक केलं की 'ते हिला विचारा' म्हणायचे आणि उठून जायचे. असा माणूस होणे नाही."

नातीने ते मनात टिपून ठेवलं. विनयशील माणसं 'छे छे, त्यात काय' म्हणतात. बायकोला विचारायला कोणी पाठवत नाही.

३

वरच्या मजल्यावर भाडेकरू राहायचे, क्लॅरिनेट शिकवणारे एक मास्तर. त्यांचे विद्यार्थी असे वाजवायचे की चोर आलाच तर तो आपणहून पळून जावा. नात वर गेली तेव्हा मास्तर दार सताड उघडं टाकून बसले होते.

"दार बंद का नाही करत?"

"करून उपयोग काय?" मास्तर म्हणाले. "तुमच्या घरावर टीका करत नाही, पण या दाराचं कुलूप मुळात बिघडलेलं आहे. मी आठवड्याला एकदा तरी किल्ली आत विसरतो. दार बंद, मी बाहेर. मग खाली जाऊन आजींना सांगतो. त्या वर येतात, मला म्हणतात, 'मास्तर, जरा जिन्याशी कोणी आलंय का बघा.' मी बघून येतो तर दार उघडं. म्हणतात, 'नीट लागलंच नव्हतं, ढकललं की उघडलं.'"

"दर वेळी?"

"दर वेळी. मी स्वतः खांदा लावून ढकलून पाहिलंय, खांदा दुखावला. बाईंचा हातगुण असेल."

"आणि जिन्याशी कोणी असतं का?"

मास्तर विचारात पडले. "आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आजपर्यंत कोणीच नव्हतं."

जिना उतरताना नातीच्या मनात एक विचार आला आणि तो इतका वेडगळ होता की तिने तो आधी हाकलून दिला. पण तो पुन्हा आला. मग ती चपला घालून कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या दुकानात गेली.

"आमच्या घरी याआधी कितीदा आलात?" तिने विचारलं.

"आज पहिल्यांदाच," किल्लीवाला म्हणाला. सकाळचा अपमान त्याच्या चेहऱ्यावर अजून होता. "या गल्लीतल्या घरोघरी जाऊन आलोय. एक तुमचं घर सोडून. तुमच्याकडच्या किल्ल्या कधी हरवतच नसतील."

नात भर उन्हात रस्त्यातच उभी राहिली. काकांच्या म्हणण्यानुसार या घरात हरवल्या नाहीत अशा किल्ल्याच नव्हत्या. तरी किल्लीवाल्याला एकदाही बोलावणं गेलं नव्हतं, आणि कपाटं तर रोज उघडत होती.

घरी परतली तर फाटकाबाहेर मोटार उभी. कारखान्याचा अधिकारी वेळेच्या बराच आधी येऊन पोचला होता, आणि काका त्याला फुलझाडं दाखवत वेळ काढत होते.

४

अधिकारी तरुण होता, अंगात सूट होता आणि बोलणं जाहिरातीसारखं होतं. काकांनी त्याला दिवाणखान्यात बसवलं आणि नातीकडे केविलवाणी नजर टाकली. आजी कोपऱ्यात खुर्चीत शाल पांघरून बसली होती.

"कुलूप आणतोच," काका म्हणाले. "जरा... चकचकीत करतोय."

"सावकाश," अधिकारी म्हणाला. "तोच तर आमच्या सोहळ्याचा कळस आहे. आजींना मी गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं सगळं."

"काय सांगितलं?" नातीने विचारलं. काकांना हे नवीन होतं, आत्यालाही.

"स्पर्धेचं. कुलूप नुसतं काचेत ठेवून लोक काय बघणार? आम्ही व्यासपीठावर आव्हान ठेवतोय. देशभरातून किल्लीवाले येतील, सगळ्यांसमोर उघडून बघतील आणि अर्थात हरतील. आजींना तर इतका रस वाटला. त्यांनी लगेच विचारलं, कोण कोण येणार आहे?"

नातीने आजीकडे पाहिलं. आजी शालीच्या टोकाचा दोरा ओढत होती.

"एक भेटही आणलीय," म्हणत अधिकाऱ्याने कागदात गुंडाळलेला मोठा फोटो काढला. कारखान्याच्या माणसांचा जुना फोटो होता, आमच्या संग्रहात सापडला, तो म्हणाला. मागच्या ओळीत, एकदम कडेला, आजोबा उभे होते. तरुण, बारीक, कान पुढे आलेले. पुढच्या ओळीत मोजक्या खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत मालक, त्यांच्या डाव्या हाताला व्यवस्थापक, आणि उजव्या हाताला, हात बांधून, कॅमेऱ्याकडे रोखून बघत एक तरुण मुलगी बसली होती.

"ही तर आई," आत्या म्हणाली.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की लग्नाआधी आजी काही दिवस कारखान्यात होती. कुलपं खोक्यात भरायच्या विभागात, असं काकांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि आजीने ते खोडून काढलं नव्हतं.

"पण ती खुर्चीत का?" आत्याने विचारलं.

"चक्कर आली असेल," काका म्हणाले. "उन्हात उभं केलं की तिला चक्कर येतेच."

खोके भरणाऱ्या मुलीला चक्कर आली तर पाणी देतात, मालकाच्या उजव्या हाताला बसवत नाहीत. नातीने फोटो खाली ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "जरा आत येतेस? चहाचा डबा सापडत नाहीये."

डबा कुठे असतो हे दोघींनाही चांगलं माहीत होतं. आजी उठली.

५

नातीने स्वयंपाकघराचं दार लावलं.

"कुलूप फाटकावर आहे," ती म्हणाली. "त्याला हिरवा रंग फासून तू ते तिथे लावलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही सगळे सकाळी त्याच्या समोर उभे होतो."

"हळू बोल," आजी म्हणाली.

"घरात ठेवलं असतं तर काका उशासुद्धा उसवून बघतील, हे तुला माहीत होतं. आणि किल्ल्या तू हरवल्या नाहीस. मास्तरांचं दार सोडलं तर या घरातल्या कुलपांना किल्ल्या नव्हत्याच. आजोबांनी त्या बनवल्याच नाहीत. तू आकड्याने उघडतेस."

आजीने ओट्याला टेकून एक मोठा श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याची लाज नव्हती, सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"मी परीक्षक होते," ती म्हणाली. "खोके नाही भरले कधी. गेले होते टेलिफोनवरच्या नोकरीसाठी. मुलाखतीला पोचले तर साहेबांच्या कपाटाची किल्ली हरवलेली आणि आमचे अर्ज आत. सगळे धावपळ करतायत. मी म्हटलं बघू का, आणि केसातला आकडा काढला. टेलिफोन राहिला बाजूलाच. कारागिरांनी कुलूप केलं की ते माझ्या टेबलावर यायचं. सकाळच्या भोंग्याला हातात घ्यायचं, संध्याकाळच्या भोंग्याला निकाल सांगायचा. उघडलं तर कुलूप परत. माझ्याकडून एकही सुटलं नव्हतं. कारागीर मला घाबरायचे."

"आणि आजोबा?"

"ह्यांची तर सगळी परत केली मी, एकामागून एक. शेवटी साहेबांनी ह्यांना बजावलं की आता हे उघडलं तर घरी जा. मग ते पितळी कुलूप आलं. जेवणाच्या सुट्टीत उघडलं मी ते. डाव्या अंगाला आत एक पट्टी सैल राहिली होती, ती दाबली की बाकी सगळं सुटत होतं. वर बघते तर हे दाराशी उभे. डबा हातात, न उघडलेला. तोंड एवढंसं झालेलं. मी कुलूप मांडीत दाबून परत लावलं. संध्याकाळी सांगितलं, नाही उघडलं."

"प्रेमात पडली होतीस."

"छे. दया आली. प्रेम नंतर." आजी म्हणाली. "पण एकदा खोटा निकाल दिला की त्या खुर्चीत बसता येत नाही गं. लग्न ठरलं तशी मी काम सोडलं. सगळ्यांना वाटलं संसारासाठी सोडलं. मला फार आवडायचं ते काम. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ह्यांचं नाव झालं त्या कुलपावर, मोठे कारागीर झाले. आता त्या व्यासपीठावर कोणीही पोरगं येऊन पट्टी दाबेल आणि ह्यांच्या नावाला काळं लागेल. फेकून द्यायला हात धजेना. म्हणून फाटकाला लावलं."

"आणि काका तुला निवासात धाडतील त्याचं काय?"

"धाडू दे. मला विसराळू म्हणतील, म्हणू दे. ह्यांना खोटं म्हणायला नको."

 नात शंकासुर असली तरी माणूस होती. तिला आजीला मिठी मारायची होती, पण एक गोष्ट अजून तिच्या डोक्यात टोचत होती, आणि टोचणारी गोष्ट तिने आयुष्यात कधी सोडली नव्हती.

"लग्नानंतर घरासाठी त्यांनी पहिलं कुलूप कोणतं केलं?"

"कोठीचं. 'हे उघडून दाखव' म्हणाले. माझ्या वाढदिवसाला दर वर्षी एक नवं. आमचा खेळच होता तो."

"ते त्याच पितळी कुलपासारखं होतं?"

"बरंचसं. पण डाव्या अंगाची ती जागा बंद केली होती. आडवी पट्टी घातली होती तिथे, त्यामुळे मला..."



"आमच्या कंपनीत एकजण दावा घेऊन आला होता," नात म्हणाली. "म्हणाला, छत गळतंय हे मला माहीतच नव्हतं. आणि बरोबर गळत होतं त्याच जागी त्याने आधीच डांबर लावून ठेवलं होतं. आजी, निकालाप्रमाणे ते कुलूप निर्दोष होतं. निर्दोष कुलपात कोणी दुरुस्ती करतं का? ती सैल पट्टी माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं. तू ती दाबलीस ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाने पाहिलं होतं. म्हणून तर ते सगळ्यांना सांगायचे, ते हिला विचारा."

आजी स्टुलावर बसली.  मग तिचे खांदे हलायला लागले, आणि नात घाबरून जवळ गेली तर आजी हसत होती, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"लबाड," ती म्हणाली. "जन्मभर मी जीव मुठीत धरून बसले, ह्यांना कळलं तर काय वाटेल म्हणून. आणि हा माणूस माझ्यासमोर बसून निवांत चहा प्यायचा."

"तू सांगशील म्हणून वाट बघत असतील."

"सांगायचं ना मग आपण होऊन. माझ्यावर गेले होते, हट्टी." तिने पदराने नव्हे, सरळ शालीनेच तोंड पुसलं. "आणि सकाळी तुम्ही कटरने कापलंत ना, ते ह्यांचं शेवटचं. सगळ्यात चांगलं. मला स्वतःला चार दिवस लागले होते त्याला."

ती उठली, शाल काढून स्टुलावर टाकली आणि दार उघडून बाहेर निघाली.

६

आजीच्या मागून काका, काकांच्या मागून आत्या, तिच्या मागून अधिकारी आणि वरून जिना उतरून आलेले मास्तर, अशी वरात फाटकापाशी पोचली. आजीने केसातला आकडा काढला. या वेळी ती कोणाकडे पाठ करून उभी राहिली नाही. आकडा आत गेला, मनगट जरासं वळलं, आणि हिरवं कुलूप तिच्या तळहातावर आलं. अंगठ्याच्या नखाने तिने थोडा रंग खरवडला तेव्हा खालून पितळ चमकलं.

 काकांना 'मी सांगत होतो' म्हणायची सोय उरली नव्हती.

आजीने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न लपवता. जेवणाची सुट्टी, सैल पट्टी, खोटा निकाल. अधिकाऱ्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे न उघडणारं कुलूप उघडतं," तो म्हणाला. "आता मी व्यासपीठावर काय ठेवू?"

"न उघडणारं हवं असेल तर आत कपाट आहे," आजी म्हणाली. "ते कापावं लागलं. तीस वर्षं धंदा करणारा माणूस साक्षीला आहे, त्याला विचारा. कारागीर तेच. आणि हे पितळी कुलूप ठेवलंत तर खाली खरं ते लिहा. उघडलं, म्हणून लिहा. निकाल द्यायला मी येते."

"पण वेळ? किती वेळात उघडलं ते लिहावं लागेल."

"जेवून उरला होता," आजी म्हणाली.

मास्तर फाटकाच्या खांबाला धरून उभे होते. "म्हणजे माझं दार बिघडलेलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा आयुष्यावरचा विश्वास परत येत असल्यासारखं दिसत होतं.

काका मात्र आजीकडे बघत होते. खिशातल्या भाषणाची घडी त्यांच्या हातात आली होती आणि त्यात आता एकही वाक्य कामाचं नव्हतं. "आई," ते म्हणाले, "तू परीक्षक होतीस, आणि मी लोकांना खोके भरायची म्हणून सांगत आलो. तू बोलली का नाहीस? आम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं सांगितलं," आजी म्हणाली. "पण तुम्ही विचारायला हवं होतं."

काकांनी मान खाली घातली. त्यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला. "मला तुझ्या काळजीने झोप लागत नाही गं. एकटी असतेस. पडलीबिडलीस तर? त्या निवासात दाराशी माणूस असतो, रात्री फाटकाला कुलूप लावतात, म्हणून मला बरं वाटलं होतं. माझं चुकलं. तुला नाही पाठवत तिकडे."

आजीने त्यांच्या बाहीवरच्या हिरव्या डागावरून हात फिरवला, लहानपणी गुडघा फुटला की फिरवायची तसाच.

"काळजी करू नकोस रे," ती म्हणाली. "पाठवलं असतंस, तरी मी रात्री घरी आलेच असते."